डेकच्या खालची गोष्ट

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी तेव्हा ऑनसाइट, न्यू जर्सीत. शुक्रवारी संध्याकाळी एका मित्राचा (त्याला आपण बंडू म्हणू) फोन आला. "उद्या सकाळी ये. डेक सजवायचाय. पुढच्या शनिवारी पॉटलक आहे, पंचवीसेक माणसं आहेत." बंडूने तीन वर्षांपूर्वी घर घेतलं. घर १९८७ सालचं, आणि मागच्या बाजूला जमिनीपासून आठ फुटांवर लाकडी डेक, १२ बाय १६ फूट. बंडूकडे यादी तयार होतीच: दिव्यांच्या माळा, गाद्या, कठड्याला अडकवायच्या कुंड्या, कोपऱ्यात तुळस आणि मधोमध ग्रिल. एक्सेलमध्ये, रंगांसकट. (आमची जातच तशी.)

बंडूचे बाबा सांगलीहून आले होते. काका जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. आम्ही वर माळा बांधत होतो आणि काका चहाचा कप घेऊन डेकच्या खाली फिरत होते. दहा मिनिटांनी खालून हाक आली, "अरे, ही तुमची ओसरी घराला कशाने धरलीय रे?"

"धरली असेल की बाबा. तीसपस्तीस वर्षं उभी आहे ना?"

"उभी आहे ते दिसतंय. कशाने, ते विचारतोय."

खाली गेलो. डेकचा एक बाजूचा भार खांबांवर असतो आणि दुसऱ्या बाजूचा घराच्या भिंतीला ठोकलेल्या एका लांब आडव्या फळीवर. तिला इथे लेजर म्हणतात. या फळीत आणि भिंतीत एका टोकाला बोटभर फट पडलेली. बोल्ट एकही नाही, नुसते खिळे. काकांनी स्क्रूड्रायव्हर मागवला आणि फळीमागच्या लाकडात खुपसला. तो लोण्यात जावा तसा आत गेला.

वर आम्ही माळा लावत होतो. असो.

आता थोडं गणित. इथल्या घरबांधणीच्या नियमावलीप्रमाणे डेकने दर चौरस फुटाला ४० पौंड भार पेलायला हवा. १९२ चौरस फुटांचे झाले ७६८० पौंड, म्हणजे साधारण साडेतीन टन. पंचवीस माणसं सत्तर किलोंनी धरली तरी पावणेदोन टन. म्हणजे कागदावर जेमतेम निम्मा भार. पण खिळ्याची गंमत अशी की तो आडव्या जोराला बऱ्यापैकी टिकतो आणि सरळ ओढला की निसटतो. फळीमागे पाणी शिरून लाकूड कुजलं असेल तर मग विचारायलाच नको. डेक पडतात ते बहुतेक फळ्या मोडून नव्हे, भिंतीपासून सुटून. आणि सुटतात ते नेमके पार्टीच्या दिवशी, कारण एरवी वर असतंच कोण?

पॉटलक बंडूने बेसमेंटमध्ये हलवलं. मी मात्र त्या रात्री घरी येऊन वाचत बसलो, आणि वाचता वाचता दोन वीकएंड गेले. त्याचाच हा लेख.

समोरून मागे

आपल्याला वाटतं अमेरिकन घर म्हणजे मागे डेक असायचाच. खरं तर डेक तसा अगदी कालचा. शब्द जहाजावरून आला. मूळ डच, अर्थ 'आच्छादन'. घराला आधी होता तो पोर्च, आणि तो पुढे होता, रस्त्याकडे तोंड करून. त्याचा एक भाऊ म्हणजे व्हरांडा. हा शब्द इंग्रजांनी उचलला आपल्याकडून. पोर्तुगीजांनी तो इथे आणला की इथून नेला, यावर विद्वानांचं भांडण जुनं आहे, त्यात मी पडत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या पोर्चमध्ये आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या घरबांधणीचा मोठा वाटा आहे, असंही काही अभ्यासक मांडतात.

१८४०च्या दशकात अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग नावाच्या बागकाम-वास्तुकारीवर लिहिणाऱ्या माणसाने हा पोर्च मध्यमवर्गाच्या गळी उतरवला. त्याची पुस्तकं (१८४२ आणि १८५०ची) घराघरात गेली. अमेरिकेतला उन्हाळा कडक, तेव्हा सावलीची बसायची जागा हवीच, असं त्याचं साधं म्हणणं. १८५२ साली हडसन नदीवर आगबोट पेटली, त्यात तो गेला. वय अवघं छत्तीस. पण पोर्च राहिला. संध्याकाळी त्यावर बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायची, कुणाच्या घरी काय शिजतंय ते कळायचं. काकांनी ओसरी म्हटलं ते याला शोभलं असतं.

मग हा पोर्च गेला कुठे? कारणं एकदम आली. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना १९४४च्या कायद्याने स्वस्त गृहकर्ज मिळालं. न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउनमध्ये १९४७ ते १९५१ या काळात सतरा हजारांवर घरं जवळजवळ असेंब्ली लाइनवर काढावीत तशी उभी राहिली. अशा घरांत पोर्च म्हणजे जादा खर्च. रस्त्यावर माणसांऐवजी गाड्या आल्या, मग बसून बघायचं काय? घरात टीव्ही आला, खिडकीत एसी आला. उकडतंय म्हणून बाहेर यायची गरजच संपली. ज्याला उघड्यावर बसायचं होतं तो मागे गेला, कुंपणाच्या आत, आपल्याच माणसांत. १९५२ साली जॉर्ज स्टीफन नावाच्या शिकागोजवळच्या कारागिराने धातूच्या बोयाचे दोन अर्धे करून झाकणाचं गोल ग्रिल बनवलं. मागच्या अंगणाला चूलही मिळाली.

टेकडीवरची युक्ती

मागच्या अंगणात सपाट जमीन असेल तर फरशी घालून पॅटिओ करता येतो. उतार असेल तर? हा प्रश्न पडला कॅलिफोर्नियात, कारण सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास घरं टेकड्यांवर. तिथला बागरचनाकार थॉमस चर्च याने जमीन कापण्याऐवजी तिच्यावर लाकडी मंच तरंगत ठेवला. १९४८ साली पूर्ण झालेली सोनोमामधली डोनेल बाग त्याची सगळ्यात गाजलेली. तिथल्या डेकमधून ओकची झाडं वर आलेली आहेत. झाड तोडलं नाही, डेकलाच भोक ठेवलं. १९५५ साली आलेल्या त्याच्या पुस्तकाच्या नावातच त्याचं तत्त्व होतं: बागा माणसांसाठी असतात. बघायला नव्हे, राहायला.

'सनसेट' मासिकाने अशा घरांचे आणि बागांचे फोटो पश्चिमेत घरोघर पोचवले. पण हे सगळं जमलं ते रेडवुडमुळे. रेडवुडच्या गाभ्याचं लाकूड मुळातच लवकर कुजत नाही. पण ते मिळतं पश्चिमेला. पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या माणसाला परवडतं ते पिवळं पाइन. आणि पाइन उघड्यावर ठेवलं की काही वर्षांत त्याचं खत.

म्हणजे डेकची कल्पना कॅलिफोर्नियात तयार होती, पण देशभर जायला तिला एक औषध हवं होतं. ते औषध कुठून आलं असेल, सांगा बघू? देहरादूनहून!

सोंती कामेशम

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेत (स्थापना १९०६) सोंती कामेशम नावाचे शास्त्रज्ञ लाकूड टिकवण्यावर काम करत होते. आपल्याकडे लाकडाचे शत्रू दोन, वाळवी आणि पावसाळ्यातली बुरशी. तांब्याने बुरशी मरते, आर्सेनिकने कीड मरते, हे माहीत होतं. अडचण ही की पहिल्याच पावसात दोन्ही धुऊन जायचं. कामेशम यांनी १९३३ साली त्यात क्रोमियमचा क्षार घातला. क्रोमियम लाकडाशी बांधलं जातं आणि तांबं-आर्सेनिकलाही बांधून ठेवतं. तिघांचं मिश्रण लाकडात भिनलं की पावसाला दाद देत नाही. अस्क्यू हे त्याचं बाजारातलं नाव, आर्सेनिकची रासायनिक खूण 'एएस' आणि तांब्याची 'सीयू' जोडून झालेलं. १९३८ साली त्यांना अमेरिकन पेटंटही मिळालं.

औषध भिनवायची रीत आणखी जुनी, इंग्लंडच्या जॉन बेथेलची, १८३८ची. लाकूड लोखंडी टाकीत कोंडायचं, आतली हवा ओढून घ्यायची आणि मग दाबाखाली द्रव सोडायचा. पाइनचं लाकूड असा द्रव स्पंजसारखं पितं. जे लाकूड सगळ्यात लवकर कुजायचं तेच आता सगळ्यात सोयीचं ठरलं. १९७०च्या दशकापासून हे हिरवट छटेचं लाकूड अमेरिकेतल्या प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात दिसू लागलं आणि डेक मधल्या वर्गाच्या हातात आला. शनिवारी लाकूड आणायचं, शेजाऱ्याला बिअर पाजायची, रविवारी डेक उभा. बंडूचा डेकही तसलाच असणार, त्या खिळ्यांवरून तर नक्कीच.

अमेरिकेच्या लक्षावधी परसांत एका आंध्रच्या शास्त्रज्ञाचं डोकं आहे आणि त्यावर बसून बर्गर खाणाऱ्याला, आणि तुम्हाआम्हालाही, त्याचं नाव माहीत नाही. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. फोन करून बंडूला सांगितलं. तो म्हणाला, "थांब. आर्सेनिक म्हणालास?"

वाळूची पेटी

बंडूची मुलगी दोन वर्षांची. डेकखाली सावली असते म्हणून तिची वाळूची पेटी तिथे ठेवलेली. आणि दोन वर्षांचं मूल वाळूचं काय काय करतं ते वेगळं सांगायला नको.

औषध लाकडात बांधलेलं राहतं हे खरं, पण शंभर टक्के नाही. वर्षानुवर्षांच्या पावसाने थोडं थोडं खाली झिरपतं, हाताला लागतं. मुलांच्या काळजीने ओरड झाली, आणि फेब्रुवारी २००२मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने जाहीर केलं की उत्पादक घरगुती वापरातून हे लाकूड मागे घेत आहेत. ३१ डिसेंबर २००३ ही शेवटची तारीख. जुने डेक पाडायची सक्ती मात्र केली नाही. खबरदारी सांगितली: हात धुवा, त्यावर उघडं अन्न ठेवू नका आणि हे लाकूड चुकूनही जाळू नका. त्यामुळे १९८७चा डेक घर विकताना गुपचूप पुढच्याच्या गळ्यात येतो.

पेटी त्याच रात्री उचलली. बंडूने मातीचा नमुना प्रयोगशाळेत दिला. डेकखालच्या मातीत बाकीच्या परसापेक्षा आर्सेनिक जास्त निघालं. मुलीला डॉक्टरांना दाखवलं, ती ठणठणीत आहे. पण ते चार दिवस वहिनी कुणाशी धड बोलत नव्हत्या. माझा अभिमान मी खिशात घातला.

कामेशम यांना दोष द्यावा का? मला नाही वाटत. खांब, पूल, पाण्यातले टेकू अशा जागी त्या औषधाने अगणित झाडं वाचवली असतील, कारण एकदा लावलेलं लाकूड दहापट टिकलं तर नवं तोडावं लागत नाही. चूक आहे ती अशी की खांबासाठीची वस्तू आपण रांगणाऱ्या पोराच्या डोक्यावर नेऊन ठेवली. आमच्या धंद्यातही हेच होतं. एका कामासाठी लिहिलेला कोड कुणीतरी भलत्याच जागी चिकटवतो, आणि वीस वर्षं चालतोय म्हणून कुणी बघत नाही.

'उभा आहे' याचा अर्थ 'ठीक आहे' नव्हे, हे १६ जून २०१५ला बर्कलीत फार महागात कळलं. वाढदिवसाच्या पार्टीत चौथ्या मजल्यावरची बाल्कनी कोसळली आणि सहा तरुण मुलं गेली, सात जखमी झाली. बहुतेक आयर्लंडहून उन्हाळ्यापुरती आलेली. आतल्या लाकडी तुळया पाणी मुरून कुजल्या होत्या आणि वरून सगळं छान दिसत होतं. त्यानंतर कॅलिफोर्नियाने २०१८ साली असल्या बाल्कन्या-डेकच्या नियमित तपासणीचा कायदा केला.

शेवटी काय झालं

बंडूने डेक पाडला. नवा सांगाडा आताच्या औषधाच्या लाकडाचा. त्यात आर्सेनिक नाही, तांबं मात्र जास्त, त्यामुळे साधे खिळे गंजतात आणि न गंजणारे स्क्रू घ्यावे लागतात. वर लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांच्या मिश्रणाच्या फळ्या. लेजरला अर्ध्या इंचाचे बोल्ट, मागे पाणी न जाण्यासाठी पत्र्याची पट्टी. काकांनी प्रत्येक बोल्ट स्वतः पाना लावून पाहिला. खालची वरची सहा इंच माती काढून नवी टाकली. सजावटीच्या एक्सेलमधले निम्मे पैसे यातच गेले. दिव्यांच्या माळा तेवढ्या वाचल्या.

तुम्ही डेक किंवा गच्ची सजवणार असाल तर एवढंच सांगतो: आधी खाली जा, हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन. कुंड्या नंतर.

आणि एक राहिलंच. डेक नव्हता ते सात आठवडे काकांना संध्याकाळी बसायला जागा नव्हती. त्यांनी दोन खुर्च्या उचलल्या आणि घराच्या पुढे, रस्त्याकडे तोंड करून मांडल्या. पहिल्याच आठवड्यात समोरचे म्हातारे गृहस्थ कुत्रा फिरवता फिरवता थांबले, मग रोज थांबू लागले. काकांचं इंग्रजी बेताचं, त्यांचं मराठी शून्य, तरी अर्धा अर्धा तास चालायचं. बंडू तीन वर्षं तिथे राहतोय. त्यांचं नाव त्याला काकांनी सांगितलं.

नवा डेक झाला, पॉटलकही झालं. काका सांगलीला परत गेले. पुढच्या त्या दोन खुर्च्या बंडूने अजून आत नेलेल्या नाहीत.