तीन बहारांचे झाड

नाशिकचे एक जुने नाव गुलशनाबाद होते असे म्हटले की हल्ली ऐकणाऱ्यांचे दोन गट पडतात. एका गटाला ते नाव आक्रमणाची खूण वाटते. दुसरा गट ते अभिमानाने दुकानाच्या पाटीवर लिहितो. मी जुन्या नाशकात वाढलो, त्यामुळे दोन्ही गटांतली माणसे माझ्या ओळखीची आहेत. या वादात सहसा कोणी आणत नाही असा एक साक्षीदार मला आज पुढे करायचा आहे. तो म्हणजे अंगणातले डाळिंबाचे झाड.

आधी नावाचा इतिहास थोडक्यात पाहू. १६३६ मध्ये अहमदनगरची निजामशाही संपली आणि हा मुलूख मुघलांकडे गेला. मुघल अमलात नाशिकचे गुलशनाबाद झाले. गुलशन म्हणजे फुलांची बाग, आबाद म्हणजे वसलेले. अठराव्या शतकात पेशव्यांचा अंमल बसला आणि कागदोपत्री पुन्हा नाशिक आले. यात रक्त उसळावे असे काही नाही. गोदावरीच्या एका तीरावर पाच वडांवरून पडलेले पंचवटी हे नाव आहे, दुसऱ्या तीरावर बागेवरून पडलेले गुलशनाबाद. दोन्ही नावे देणाऱ्यांना इथे डोळ्यांत भरली ती झाडेच.

बाग राखणारे लोकही इथे वसले. जुन्या नाशकात आजही बागवानपुरा आहे. फारसीत बागवान म्हणजे बाग सांभाळणारा. महाराष्ट्रभर फळे-भाजीपाला पिकवणाऱ्या आणि विकणाऱ्या मुस्लिम समाजाचे तेच नाव झाले, अनेकांचे आडनावही. बागवानाची हातगाडी पाहून कोणाला फारसी आठवत नाही, आठवायचे कारणही नाही. तो 'ताई, गोड आहे, घेऊन जा' असे मराठीतच म्हणतो.

आता डाळिंब. हे फळ मुसलमानांनी हिंदुस्थानात आणले असे आपल्यातले काहीजण सांगतात. ते खरे नाही. चरकसंहितेत दाडिम आहे आणि आपला 'डाळिंब' हा शब्द त्यावरूनच आला. झाडाचे मूळ घर इराण आणि त्याच्या आसपासचा प्रदेश, पण ते इस्लामच्या फार आधी इथे पोहोचले होते. कुरआनात 'रुम्मान' म्हणजे डाळिंबाचा उल्लेख तीनदा येतो, दोनदा सूरह अन्आममध्ये आणि एकदा सूरह रहमानमध्ये. बाबराने १५०८ च्या सुमारास आजच्या जलालाबादजवळ बाग-ए-वफा लावली, तिथल्या हौदाभोवतीच्या डाळिंबांचे वर्णन त्याने स्वतः केले आहे. म्हणजे ज्या काळी ते तिकडच्या बादशाही बागेत शोभत होते, त्या काळी इकडच्या वैद्याला ते चांगले ठाऊक होते.

या झाडाबद्दल दख्खनची सगळ्यात सुंदर नोंद तंजेरच्या एका प्रवाशाची आहे. इब्न बतूता १३४२ मध्ये दिल्लीहून चीनकडे निघाला, वाटेत दौलताबादला थांबला आणि तिथून नंदुरबारकडे गेला. दौलताबादच्या मुलखात द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा निघतात, असे त्याने आवर्जून सांगितले. त्याला नवल वाटले हे साहजिक आहे. थंड मुलखात हे झाड हिवाळ्यात पाने गाळून झोपते, वसंतात एकदा फुलते आणि शरदात फळ देते. आपल्याकडे त्याला झोपवणारी थंडीच नाही. मोकळे सोडले तर ते वर्षभर थोडे थोडे फुलत राहते.

इथे दख्खनच्या शेतकऱ्याने आपली अक्कल लावली. झाडाचे पाणी तोडायचे, त्याला ताण द्यायचा, पाने गळू द्यायची, मग छाटणी करून खत-पाणी द्यायचे. झाडाला वाटते हिवाळा सरला, आणि ते एकदम फुलावर येते. याला म्हणतात बहार धरणे. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबे बहार, जून-जुलैचा मृग बहार आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त बहार. तिन्हीपैकी पाण्याची सोय आणि बाजार पाहून एक धरायचा.

हे शब्द जरा सावकाश वाचा. फारसीत 'बहार' म्हणजे वसंत ऋतू. मृग आणि हस्त ही नक्षत्रे, पंचांगातली. सटाणा, देवळा, मालेगावचा शेतकरी 'मृग बहार' म्हणतो तेव्हा तो संस्कृत नक्षत्र आणि फारसी ऋतू एका दमात बोलतो. इराणात बहार वर्षातून एकदाच येते. दख्खनमध्ये येऊन ती पुल्लिंगी झाली, पावसाळ्याच्या तोंडाशीही यायला शिकली आणि मराठी झाली.

असे शब्द मराठीतून काढण्याचे प्रयत्न झाले. शिवकाळात रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला आणि दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ उभी करणारे सावरकर नाशिकजवळच्या भगूरचे. त्या चळवळीने दिलेले 'महापौर', 'दिनांक' हे शब्द मीही वापरतो, त्यात मला कमीपणा वाटत नाही. १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश सिद्ध करणारे माधव ज्यूलियन पुढे याच चळवळीच्या बाजूने लिहू लागले. पण बाग, बगीचा, कलम, गुलाब आणि बहार जागचे हलले नाहीत. दरबारातले शब्द हुकमाने बदलता येतात. बांधावरचे शब्द बदलायला शेतकऱ्याला सवड नसते.

वाणांची वंशावळ तर आणखी मजेशीर आहे. १९३६ मध्ये पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. चीमा यांनी आळंदी वाणातून एक निवड केली, तिला पुढे 'गणेश' नाव मिळाले. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने या गणेशचा संकर रशियाहून आलेल्या 'गुल-ए-शाह रेड'शी केला आणि त्यातून 'मृदुला' निघाली. आज महाराष्ट्राच्या डाळिंबबागा ज्याने व्यापल्या आहेत तो 'भगवा' वाणही याच जोडीच्या वंशातला. गणेश आणि गुल-ए-शाह यांच्या पोटी भगवा! हा विनोद कोणी मुद्दाम केलेला नाही, म्हणूनच तो मला आवडतो.

हे वाचून आपल्या लोकांनी 'पाहा, सगळे आमचेच' अशी आरोळी ठोकू नये. तीही तितकीच खोटी आहे. बहार हा शब्द जितका माझा, तितकाच त्या सटाण्याच्या शेतकऱ्याचा. तेल्या रोगाने बागाच्या बागा उपटाव्या लागल्या तेव्हा बहार गेला म्हणून तोच रडला. शहरांची नावे बदलण्याच्या या दिवसांत मुसलमानाला आपण इथलेच आहोत हे सिद्ध करावे लागते, याचा त्रास मलाही होतो. पण त्याला उत्तर म्हणून गुलशनाबादची पाटी लावली की आपण आपणच आपल्याला वेगळे काढतो. शिवाय पाटी लावलेल्या घरापुढे सगळी फरशी असते आणि गुल एकही नसतो, हे कसे?

म्हणून झाड लावा. डाळिंबाला फार जागा लागत नाही, पुरुष-दीड पुरुष उंचीवर ते छाटून ठेवता येते. पावसाच्या सुरुवातीला चांगले गुटी कलम आणा, दिवसभर ऊन मिळेल अशी जागा द्या, मुळाशी पाणी साचू देऊ नका. बुडातून तीन-चार खोडे राखून बाकीचे फुटवे काढा. दोन वर्षे अंग धरू द्या. नंतर डिसेंबरात पाणी तोडा आणि पानगळ झाली की हळूहळू सुरू करा. फेब्रुवारीत ते लालभडक फुलेल. घंटेसारखी फुले गळतील, त्याची काळजी करू नका, ती नर असतात. बुडाशी फुगीर, घागरीसारखी असतात ती फळ धरतात. नुसती शोभाच हवी असेल तर दाट पाकळ्यांचे गुलनार लावा, त्याला फळ धरत नाही.

लावलेल्या झाडाचे माणसाने, पाखराने, जनावराने काही खाल्ले तर तो लावणाऱ्याचा सदका ठरतो, असा एका सहीह हदीसचा आशय आहे. त्यात खाणाऱ्याचा धर्म विचारलेला नाही. आमच्या झाडावर बुलबुल येतात, आणि पहिले फळ दरवर्षी शेजारच्या जोशीकाकू मागून नेतात.