तिळावरील मूळकूज

जमिनीतील बुरशींमुळे तिळाची मुळे व बुंधा कुजून झाड वाळण्याचा रोग. शेतकरी याला ‘मर’ म्हणतात; पण मर होण्याची कारणे अनेक असल्याने रोगकारक ओळखल्याशिवाय प्रतिकारक वाण निवडता येत नाही.

रोगकारक : मूळ व खोडकुजीस मुख्यतः मॅक्रोफोमिना फॅजिओलिना ही बुरशी कारणीभूत असते. ती ५०० हून अधिक वनस्पतींवर जगते व बियाण्यातूनही पसरते. ३० ते ३५ अंश सेल्सिअस उष्णता आणि फुलोऱ्यानंतरचा पाण्याचा ताण तिला मानवतो. रोगट झाड उपटले की मुळाची साल सहज सुटते आणि आत कोळशाच्या पुडीसारखे काळे कण दिसतात. हे बुरशीचे जालाश्म होत. पीक नसतानाही ते जमिनीत तग धरतात. बुंध्यावर पांढरी बुरशी व मोहरीएवढे तपकिरी दाणे असल्यास स्क्लेरोशियम रॉल्फसीचा, तर खोड उभे चिरल्यावर आतील वाहिन्या तपकिरी दिसल्यास फ्युजेरियमचा संशय घ्यावा.

निदान : मुळाचे तुकडे सोडियम हायपोक्लोराइटने निर्जंतुक करून बटाटा-डेक्स्ट्रोज माध्यमावर ठेवतात. वाढलेली बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. ती निरोगी रोपांना टोचून तोच रोग झाला आणि त्यातून तीच बुरशी पुन्हा मिळाली, तरच निदान पक्के.

वाणांची चाचणी : ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेली बुरशी मातीत मिसळून रोगग्रस्त वाफा तयार करतात. त्यात वाणांच्या ओळींमध्ये रोगास बळी पडणाऱ्या वाणाची ओळ पेरतात व मेलेल्या झाडांची टक्केवारी काढतात. बळी पडणारा वाणच तगला, तर चाचणी ग्राह्य धरत नाहीत. जळगावचा जेएलटी-४०८ किंवा अकोल्याचा एकेटी-१०१ असे वाण निवडतानाही हीच कसोटी स्थानिक बुरशीवर लावणे इष्ट.

रेवदंडा परिसर : कुंडलिका खाडीच्या मुखावरील या गावाची ओळख नारळ-सुपारीच्या वाड्यांची; तीळ मात्र कोकणात प्रामुख्याने डोंगरउताराच्या वरकस जमिनीवर येतो. येथे एकाच हंगामात दोन टोके असतात : जुलैत साचणारे पाणी, ऑक्टोबरात तापणारी माती. साचलेल्या पाण्यात फायटोफ्थोरासारखे रोगकारक फोफावतात, तर कोरड्या तापात मॅक्रोफोमिना. म्हणून खानदेशात टिकलेला वाण किनाऱ्यावर टिकेलच असे मानू नये. झाड कोणत्या महिन्यात मेले हे नोंदवून, मुळासकट नमुना तपासणे हाच येथे बियाणे निवडण्याचा भरवशाचा मार्ग. निचरा, पिकांची फेरपालट व ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया यांची जोड मात्र प्रत्येक वाणाला हवी.