देहसाधना (हठयोग)

मोक्षमार्गात शरीराला विघ्न न मानता साधनेचे प्रथम क्षेत्र मानणारी, नाथपंथीय योगपरंपरेतील विचारसरणी. पतंजलीच्या योगसूत्रांत आसनाचा परामर्श मोजक्या सूत्रांतच आटोपला आहे. उलट सुमारे १५ व्या शतकात स्वात्मारामाने रचलेल्या हठयोगप्रदीपिकेच्या चार उपदेशांत आसन, प्राणायाम, मुद्रा व नादानुसंधान या क्रमाने देहापासून समाधीपर्यंतची वाट आखलेली आढळते. प्राण चंचल असेपर्यंत चित्तही चंचल राहते, आणि नाड्या मलाकुल असतील तर प्राण सुषुम्नेत शिरत नाही, हा या मांडणीमागील तर्क होय. म्हणूनच ज्यांच्या ठायी मेद व कफ अधिक त्यांना धौती, नेती इत्यादी षट्कर्मे प्राणायामापूर्वी विहित आहेत. या साधनेस सरसकट देहदंड समजणे मात्र सर्वथा गैरवाजवी आहे, कारण उदराचा चतुर्थांश रिकामा ठेवण्यास सांगणारा हाच ग्रंथ उपवास आणि कायक्लेश वर्ज्य ठरवतो.

गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांमार्फत ज्ञानेश्वरांना लाभलेला हा वारसा ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२) सहाव्या अध्यायात प्रकटला असून, गीतेच्या मूळ श्लोकांत नसलेले कुंडलिनीजागृतीचे व तीमुळे होणाऱ्या देहाच्या कायापालटाचे तेथील वर्णन, योगशास्त्राइतकेच काव्य म्हणूनही, मराठीत अद्वितीय आहे. अर्वाचीन काळी स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून या क्रियांचा शरीरविज्ञानाच्या पद्धतीने अभ्यास आरंभिला.