रुमाल आणि फाइल

२००३ साली केलेल्या एका कन्नड कथेच्या अनुवादाची फाइल परवा उघडली. कथा छापायची राहून गेली होती, प्रत ही एवढीच. फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून हार्ड डिस्कवर अशी ती जपलेली. पडद्यावर मात्र रोमन अक्षरं, कंस आणि स्वल्पविरामांची खिचडी. मराठीचा मागमूस नाही.

फाइल खराब झालेली नव्हती. संगणक अक्षरं साठवत नाही, अंक साठवतो. कोणता अंक म्हणजे कोणतं अक्षर, हे आधी ठरवावं लागतं. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ साली प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी आली. तरी अक्षरजुळणीच्या धंद्यात पुढे कित्येक वर्षं चालले ते निरनिराळ्या कंपन्यांचे फॉन्ट. काना, वेलांट्या, अर्धी अक्षरं त्यांनी रोमन अक्षरांच्या जागी आपापल्या सोयीने बसवली. ‘कि’मधली वेलांटी डावीकडे दिसते, म्हणून अशा फॉन्टांत ती ‘क’च्या आधी साठवली जाई, युनिकोडमध्ये ती ‘क’नंतर येते. फॉन्ट गेला की मजकुराची किल्लीच गेली.

किल्ली हरवण्याचा अनुभव मराठीला नवा नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल आहेत. कागद टिकला, शाई टिकली. मोडी सहज वाचणारे मात्र थोडे उरले. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्या दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत देवनागरीत छापले गेले. मोडी वाचणारे तेव्हा भरपूर होते, म्हणून ते जमलं. शिवाय मोडी ही शिकवलेली लिपी. आजही ती शिकता येते. फॉन्टचा तक्ता कुणाच्याच डोक्यात नसतो. तो कंपनीचा, आणि कंपनी बंद पडू शकते.

माझी फाइल एका परिवर्तकाने बरीचशी सोडवली. पण काही जोडाक्षरांच्या जागी नुसत्या चौकटी राहिल्या. शेवटी कन्नड मूळ शेजारी ठेवून ते शब्द पुन्हा शोधावे लागले. त्यांतले किती माझे तेव्हाचे आणि किती आजचे, हे सांगता येत नाही.

आता फाइल युनिकोडमध्ये आहे. जुनी फाइलही तशीच ठेवली आहे, आणि कथेची एक प्रत कागदावर छापून घेतली आहे.