गोडोलोचा राजवाडा: भेट कुणाची, कुणाला?

मंडळी, मागे आम्ही दोघं डॅन्यूब नदीवर आठवडाभर बोटीने हिंडलो. बोट बुडापेस्टला थांबली तेव्हा एक सकाळ मोकळी मिळाली, म्हणून बसने तीसेक किलोमीटरवरच्या गोडोलोला गेलो. तिथे हंगेरीचा एक जुना राजवाडा आहे, भोवती मोठं उद्यान. आजचा विषय त्या सकाळीच सुचला.

अठराव्या शतकात अंताल ग्राशालकोविच या उमरावाने हा वाडा बांधला. पण लोक येतात ते राणी एलिझाबेथसाठी, म्हणजे 'सिसी'साठी. तिची दालनं, तिचं घोड्यांचं वेड, तिने आवडीने शिकलेली हंगेरियन भाषा, हे सगळं आम्ही ऐकत होतो. मग गाइड म्हणाली, १८६७ साली हंगेरीने हा वाडा फ्रान्झ योझेफ आणि एलिझाबेथ यांना राज्याभिषेकाची भेट म्हणून दिला. सगळे पुढे सरकले. आम्ही मात्र त्या 'भेट' शब्दापाशीच अडलो.

का, ते सांगतो. अठरा वर्षं मागे जाऊ. एप्रिल १८४९. हंगेरी याच सम्राटाविरुद्ध लढत होती. जवळच इशासेगची लढाई हंगेरियन सैन्याने जिंकली आणि लायोश कोशुत याच वाड्यात मुक्कामाला आले. हॅब्सबर्ग घराण्याला पदच्युत करण्याचा बेत त्यांनी आपल्या सेनानींना इथेच बोलून दाखवला. १४ एप्रिलला देब्रेत्सेनमध्ये तशी घोषणाही झाली. पुढे रशियाच्या झारचं सैन्य ऑस्ट्रियाच्या मदतीला आलं, ऑगस्टमध्ये हंगेरी शरण गेली आणि ६ ऑक्टोबरला अराद इथे तेरा सेनानींना देहदंड दिला गेला.

म्हणजे बघा, ज्या छपराखाली राजाला काढायचं बोलणं झालं, तेच छप्पर पुढे राजाला नजर केलं गेलं!

ही लाचारी होती का? आम्हाला आधी तसंच वाटलं. पण १८६६ मध्ये प्रशियाकडून हरल्यावर सम्राटालाही हंगेरीची गरज होती. तडजोडीत हंगेरीला स्वतःची संसद आणि मंत्रिमंडळ मिळालं. पंतप्रधान झाले द्युला आंद्राशी. बंडानंतर ते परदेशातच होते, म्हणून १८५१ मध्ये त्यांना नुसती नावाने फाशी दिली गेली होती! उलट कोशुत यांनी ही तडजोड कधीच मानली नाही. १८९४ मध्ये इटलीत तुरिनला, परदेशातच, ते वारले.

दोघांपैकी बरोबर कोण? आम्ही निवाडा देत नाही. एवढंच म्हणतो की समेट आणि विस्मरण एक नव्हे. आंद्राशींना आपली फाशी ठाऊक होती, तरी ते वाटाघाटीला बसले, तो समेट. आपण सिसीची दालनं बघून कोशुत यांचा मुक्काम न विचारता परतलो, तर ते विस्मरण.

दुसऱ्या महायुद्धानंतर याच वाड्यात सोव्हिएत सैनिक राहिले, वृद्धाश्रमही होता. १९९६ मध्ये डागडुजी करून संग्रहालय उघडलं. भिंती पुन्हा रंगवता येतात, मंडळी. त्या भिंतींनी काय काय ऐकलं, ते मात्र आपल्यालाच विचारावं लागतं.