ग्रहावर हल्ला झाला तर? सायन्स फिक्शनमधलं युद्ध आणि खरं विज्ञान

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याची संध्याकाळ. भंडारा जिल्ह्यात पवनीजवळच्या आमच्या गावात आम्ही अंगणात उभे होतो आणि आकाशातून जळते ठिपके रांगेनं सरकत गेले. कोणी म्हणालं उल्का, कोणी म्हणालं मिसाईल. लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर युद्धच सुरू झालं! शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूची मोठी रिंग पडली. चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचा तो तुकडा असावा, असं तज्ज्ञांचं मत पडलं.

हल्ला नव्हता तो. पण तेव्हापासून मला एक प्रश्न पडला. सिनेमात आणि गेममध्ये परग्रहावरची जहाजं लेझर मारत येतात. खरंच कोणाला ग्रहावर हल्ला करायचा असेल, तर लेझर लागेल का?

नाही. दगड पुरेल.

जवाहरनगरच्या आयुध निर्माणीमुळे आम्हा भंडारेकरांना बारूद हा शब्द ओळखीचा. पण इथे बारूदही नको. लांबून अंतराळातून येणारी वस्तू पृथ्वीच्या ओढीनंच सेकंदाला किमान ११.२ किमी वेग घेते. या वेगातल्या १ किलो दगडात साधारण १५ किलो टीएनटीइतकी ऊर्जा असते. छोटे दगड हवेतच जळून जातात, ते सोडा. मोठा आला तर काय होतं ते पाहायला बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार आहे. एका अंदाजानुसार ५.७ लाख वर्षांपूर्वी काळ्या बसाल्टमध्ये पडलेला सुमारे १.८ किमी रुंदीचा खड्डा.

म्हणजे हल्लेखोर विहिरीच्या काठावर आणि आपण तळाशी. त्यानं नुसतं सोडायचं, आपल्याला मात्र वर फेकायचं. पीएसएलव्ही रॉकेट सुमारे ३२० टनांचं, आणि ध्रुवीय कक्षेत नेतं जेमतेम पावणेदोन टन. २७ मार्च २०१९ च्या ‘मिशन शक्ती’त भारतानं उपग्रह पाडून दाखवला, पण तो होता सुमारे ३०० किमीवर, ठरलेल्या वाटेनं फिरणारा. आणि दगड फोडला तरी त्याचे तुकडे आपल्याकडेच येऊ शकतात.

मग बचाव कसा? एनर्जी शील्ड विसरा. दगडाला फक्त थोडा धक्का द्यायचा, पण लवकर. साधं गणित करा: दहा वर्षं आधी सेकंदाला २ सेंटिमीटर इतका वेग बदलला, तर तो सुमारे ६,३०० किमी सरकतो. पृथ्वीची त्रिज्या जवळपास तेवढीच. (खऱ्या कक्षेचं गणित जास्त किचकट आहे.) हेच काम एक दिवस आधी करायचं, तर ताशी अडीचशे किमीहून जास्त बदल हवा. अख्ख्या डोंगराला!

जयंत नारळीकरांच्या ‘धूमकेतू’ कथेत पृथ्वीकडे येणाऱ्या धूमकेतूला वाटेवरून ढकलण्याची मोहीम आहे. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाच्या डार्ट यानानं असा धक्का खरोखर दिला. सुमारे १६० मीटरच्या डायमॉर्फसवर ते सेकंदाला ६ किमी वेगानं आदळलं, आणि त्याची ११ तास ५५ मिनिटांची फेरी अर्ध्या तासाहून जास्त कमी झाली. डायमॉर्फसपासून आपल्याला धोका नव्हता, ती फक्त चाचणी होती.

पण न दिसलेल्या दगडाला धक्का कोण देणार? १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटरचा दगड ३० किमी उंचीवर फुटला. जवळपास १,५०० लोक जखमी झाले, बरेचसे खिडक्यांच्या काचांनी. तो सूर्याच्या दिशेनं आला, म्हणून आधी कुणालाच दिसला नाही. मी हल्लेखोर असतो, तर हीच बाजू निवडली असती. याच बाजूवर जास्त चांगली नजर ठेवायला नासा इन्फ्रारेड दुर्बीण बनवतंय, निओ सर्व्हेअर. ती २०२७ मध्ये सोडायचा बेत आहे.