छप्पन ए.पी.ओ.

लहानपणी मला वाटायचं, आमचे आण्णा छप्पन ए.पी.ओ. नावाच्या गावाला असतात. त्यांचं पत्र यायचं त्यावर नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि खाली 'मार्फत ५६ ए.पी.ओ.' एवढाच पत्ता. चौथीत भूगोलाच्या पुस्तकात भारताचा नकाशा आला तेव्हा मी ते गाव बोटानं हुडकत बसलो होतो. गुरुजींना विचारलं तर म्हणाले, "अरं, गाव न्हाई ते. फौजेच्या टपालाचा नंबर हाय. पलटण कुठं हाय ते कुणाला कळू नये म्हणून." म्हणजे बाप कुठं आहे हे आम्हाला कळू नये, अशी सरकारनंच सोय करून ठेवली होती.

आमचं गाव खटाव तालुक्याच्या कोरड्या अंगाला. पाऊस इकडं यायचा म्हणजे सह्याद्रीवर सगळा रिकामा होऊन, उरलासुरला. दोन एकरांत चार भाऊ असले की एक रानात, एक मुंबईला गिरणीत आणि एक पलटणीत, ही वाटणी कुणी न सांगता ठरलेली. लोक साताऱ्याच्या शौर्याबद्दल बोलतात, ते खोटं नाही. पण त्या शौर्याच्या खाली मुरमाड जमीन आहे, हेही बोललं पाहिजे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला तर नावापुढं 'मिलिटरी' लागलं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावची ४६ माणसं कामी आली. आमच्या गावाला असं काही नाव लागलं नाही, पण आमच्या आबांचा एक चुलता 'बसऱ्याला' गेला तो परत आला नाही. इराकच्या सगळ्या मुलखाला गावात बसराच म्हणत. पुढं वाचनात आलं, की कुतच्या वेढ्यात मराठ्यांच्या तीन पलटणी अडकल्या होत्या. १४७ दिवस वेढा चालला आणि २९ एप्रिल १९१६ ला उपाशी फौजेनं शस्त्रं खाली ठेवली. आबांचा चुलता त्यातलाच की आणखी कुठला, ते सांगणारं आता कुणी नाही. त्याची बायको मात्र मरेपर्यंत कुंकू लावत होती. "मेल्याचा कागुद कुठं आलाय?" म्हणायची. आमच्या घराला कागदाचं महत्त्व तेव्हापासूनच माहीत असायला हवं होतं.

आण्णा भरती झाले १९६३ साली. चीनच्या लढाईत मार बसला होता. आपल्या जिल्ह्याचे यशवंतराव नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले होते, आणि गावोगावची पोरं छाती मोजून घ्यायला रांगेत उभी राहत होती. आण्णांचं वय एकोणीस. "देशासाठी गेला होता का?" असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "देशासाठी आन् दोन टायमाच्या जेवणासाठी. बेळगावला पहिल्याच दिवशी पोटभर चपात्या खाल्ल्या. त्याआधी सणाला तेवढ्या बघितल्या हुत्या." बेळगावचं सेंटर १९२२ पासूनचं. मराठा लाइट इन्फन्ट्री मात्र त्याहून कितीतरी जुनी, तिची पहिली पलटण १७६८ साली उभी राहिलेली. आण्णा तिच्यात, 'जंगी पलटणी'त गेले आणि वीस वर्षांनी हवालदार होऊन बाहेर पडले.

१९६६ च्या सुट्टीत त्यांचं लग्न झालं. लग्नानंतर अकरा दिवस घरी राहिले आणि गेले. पुढं माझा जन्म, माझ्या बहिणीचा जन्म, सगळं मागल्या सुट्टीचा हिशेब धरून मोजायचं.

घरी मनिऑर्डर यायची ती आबांच्या नावानं. पोस्टमन आला की आबा डोक्याला पटका गुंडाळून अंगठा द्यायला ओट्यावर बसत. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर दोन ओळी असत : पैसे पोचल्याचे कळवावे, बैलाची काळजी घ्यावी, मुलांस आशीर्वाद. आईचं नाव त्यात कधी आलं नाही. यायचंही नव्हतं. तेव्हा नवऱ्यानं बायकोचं नाव चारचौघांत घेणं म्हणजे लाज सोडणं. तो तुकडा आबा वाचून घेत आणि खिळ्याला अडकवून ठेवत. आई रात्री भांडी घासून झाली की तो काढून नुसताच हातात धरी. तिला वाचता येत नव्हतं.

१९७१ च्या डिसेंबरात जंगी पलटण पूर्वेकडच्या आघाडीवर होती. जमालपूरची लढाई आता पुस्तकांत आहे. कमालपूर, बक्षीगंजच्या वाटेनं ब्रिगेड आत शिरली, ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या पाठीमागं गेली आणि दक्षिणेचा रस्ता अडवून बसली. शत्रूच्या कमांडरला शरण येण्याचं पत्र पाठवलं. त्यानं उत्तरासोबत बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री त्याची पलटण कोंडी फोडून ढाक्याकडं निसटायला निघाली ती थेट मराठ्यांच्या तोंडावर आली. सकाळपर्यंत सगळं संपलं. पाच दिवसांनी ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या.

हे सगळं मी वाचलेलं. आण्णांनी त्यातलं काय सांगितलं, तर बैलांचं. नदीपलीकडं गाड्या न्यायला जमेनात, म्हणून गावकऱ्यांच्या बैलगाड्यांवर दारूगोळा वाहिला. "तिकडचं बैल म्हंजी आपल्या खोंडायेवढं. खांदा सोललेला. त्याच्यावर एवढं वजन. मला लई वंगाळ वाटलं." त्या रात्रीचं विचारलं की म्हणायचे, "थंडी हुती." फार खोदलं तर, "पुढची माणसं दिसत नव्हती, ते बरं हुतं." एवढंच. एकदा मी कॉलेजात असताना मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "आण्णा, तुम्ही इतिहास घडवला." ते वैरण कापत होते. म्हणाले, "विळा दे तो."

आण्णा ढाक्याहून सुखरूप असल्याचं पत्र आलं आणि त्याच्या पाठोपाठ दुष्काळ आला. ७२ चा दुष्काळ म्हातारी माणसं अजून 'भात्तरचा' म्हणतात. विहिरीचा तळ दिसला, ज्वारी गेली. फौजीच्या घरची बाई म्हणून आई घरात बसली असती तरी कुणी बोललं नसतं. पण मनिऑर्डरीत नऊ माणसं आणि दोन बैल बसत नव्हते. ती पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर गेली. खडी फोडायची, माती वाहायची. मला आणि बहिणीला बाभळीच्या सावलीला बसवायची. तिथं सुकडी मिळायची, तिची चव माझ्या जिभेवर अजून आहे. घरी अमेरिकेच्या लाल मिलोच्या भाकरी, त्यांची चव मात्र विसरावी म्हणतो. संध्याकाळी मुकादम मस्टर उघडून नावं पुकारायचा. आई पुढं होऊन अंगठा द्यायची. मस्टरवर तिचं सासरचं नाव होतं, एका देवीचं.

इथं नावाचं सांगावं लागेल. आमच्याकडं लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितात, आणि त्या दिवसापासून जुनं नाव माहेरच्या उंबऱ्यापलीकडं राहतं. आईचं माहेरचं नाव एका फुलाचं. दोन्ही नावं मी इथं लिहीत नाही. ती आहे अजून, आणि तिला आपलं नाव छापलेलं आवडणार नाही.

आण्णा १९८३ ला पेन्शनीवर आले. पुण्यात एका कंपनीच्या फाटकावर बारा वर्षं वॉचमन होते, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मग गावी. पहाटे पाचला उठून अंथरुणाची घडी अशी घालायचे की पट्टीनं मोजावी. जेवताना बोलायचे नाहीत. आईशी तर दिवसात चार वाक्यं, तीही तिच्याकडं न बघता : "पाणी आलं का?", "वैरण टाकली का?" मला ते आवडायचं नाही. मनात मी त्यांना दगड म्हणत असे. २०१६ च्या उन्हाळ्यात ते गेले. माजी सैनिकांपैकी चौघे जण पुष्पचक्र घेऊन आले, सलामी दिली. आण्णांची काळी ट्रंक, पांढऱ्या रंगानं नंबर घातलेली, तशीच बंद राहिली.

ती उघडावी लागली पेन्शनसाठी. आईची फॅमिली पेन्शन सुरू करायला मी कागद घेऊन एका कार्यालयात गेलो. खिडकीतल्या साहेबांनी आण्णांचं डिस्चार्ज बुक उघडलं, आईचं आधार कार्ड शेजारी ठेवलं आणि दोन्ही माझ्याकडं सरकवली. "ही बाई वेगळी आन् ही बाई वेगळी." सर्व्हिसच्या कागदांत पत्नी म्हणून फुलाचं नाव होतं. देवीच्या नावाची बाई पलटणीला माहीतच नव्हती. मागं रांगेत कुणीतरी हसलं. "दुसरी हुती काय म्हाताऱ्याला?" मी उत्तर दिलं नाही, पण खरं सांगतो, बसथांब्यापर्यंत येईतो मलाही तीच शंका येऊन गेली. आईचं माहेरचं नाव मला ऐकून माहीत होतं, पण त्या क्षणी सुचलं नाही. पन्नास वर्षांत आमच्या घरात ते कुणी घेतलंच नव्हतं.

सात महिने मी ह्या दोन बायका एक आहेत हे सिद्ध करत हिंडलो. आई शाळेत गेलेली नाही, त्यामुळं दाखला नाही. माहेरच्या गावच्या पोलीस पाटलाचं पत्र, सरपंचाचा दाखला, मामांचा जबाब, शंभरच्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र. मामा ऐंशीच्या पुढचे, ते तहसीलच्या पायरीवर बसून म्हणाले, "माझ्या बहिणीचं नाव मला इचारत्यात, काय जमाना हाय."

ट्रंकेत मेडल होती, मगाचं हँडल तुटलेलं, दाढीचं सामान, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत एक फोटो. पेन्शनच्या कागदांसाठी नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो, तो १९८३ ला वडूजला काढलेला. दोघांचा मिळून असलेला तेवढा एकच. आई घाबरलेली, आण्णा सावधान उभे. फोटोच्या मागं आण्णांच्या अक्षरात तारीख आणि खाली आईचं नाव. फुलाचं.

माझे चुलते तात्या म्हणाले, "इसरला असंल गा. अकरा दिवस घरात, नवं नाव ध्यानात ऱ्हातंय व्हय? क्लार्कनं इचारलं, जे आठवलं ते सांगितलं." तसं असेलही. लग्नाची नोंद करताना तसंच झालं असेल. पण ६६ नंतर सतरा वर्षं गेली होती. माझ्या नोंदीच्या वेळी आईचं नाव पुन्हा विचारलं गेलं, बहिणीच्या वेळी विचारलं गेलं, डिस्चार्जला विचारलं गेलं, आणि दर वेळी ह्या माणसानं तेच सांगितलं. घरात, गावात, भावकीत ज्या नावाला जागा नव्हती ते त्यांनी पलटणीच्या दप्तरात नेऊन ठेवलं होतं. तिथं ते घ्यायला लाजायचं कारण नव्हतं. नाव विचारणारा कुणीतरी लांबच्या मुलखातला क्लार्क, त्याला आमची भावकी माहीत नाही. असं मी समजतो. तात्यांना हे पटत नाही.

सात महिन्यांनी बँकेतून निरोप आला. मी आईला घेऊन गेलो. पासबुकावर दोन्ही नावं होती, मधे 'ऊर्फ' घालून. साहेबांनी अंगठ्याला शाई लावली. बाहेर आल्यावर आईनं पासबुक माझ्या हातातून घेतलं, उघडलं, सुलटं की उलटं ते मला विचारून घेतलं.

"ह्यातलं त्यांनी दिल्यालं कुठलं?"

मी बोट ठेवून दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली.

"आण्णा तुला त्या नावानं हाक मारायचे का?" मी विचारलं.

"कवा मारत्याल? घरात नऊ माणसं." मग थोड्या वेळानं म्हणाली, "एकदा मारली हुती. पेन्शनीवर आलं त्या साली, मळ्यात. मी म्हनलं, कुनाला हाक मारताय? तर वैरणीचा भारा उचलला आन् गेलं."

पासबुक तिनं पदरात गुंडाळलं. "चल," म्हणाली, "यष्टी जाईल."